घरगुती पोकर: बेट लावताना अडतं कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पोकरमध्ये कोणता हात कोणाला हरवतो हे पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. खेळ अडतो तो बेट लावण्यापाशी. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याचेच आहेत, म्हणून तेवढेच घेतले आहेत. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे उत्तर टेक्सास होल्डेमला धरून आहे. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. मध्ये पाच पानं उघडी पडतात: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). या सातांतली सगळ्यात चांगली पाच पानं म्हणजे आपला हात. सगळे आकडे चिप्सचे आहेत. एक चिप म्हणजे एक गुण, एक शेंगदाणा की आणखी काही, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरवावं.

प्रश्न : आम्ही दर दिवाळीत तीन पत्ती खेळतो. यंदा भाचेमंडळींनी पोकरचा डबा आणला आणि तीन पत्तीतले जुने खेळाडूच सगळ्यात जास्त गोंधळले. बेट लावण्यात नेमका फरक काय? (डोंबिवली)

जुनी सवय आड येते, एवढंच. तीन पत्तीत पानं एकदाच वाटली जातात आणि चाल मात्र थांबतच नाही. आपली पाळी आली की पुन्हा टाकायचं, नाहीतर पॅक, म्हणजे डाव सोडायचा. सगळ्यांनी सारखे टाकले म्हणून कोणी थांबत नाही. दोघं उरले की मगच एक जण पैसे भरून शो मागतो. शिवाय दर दोन: न बघता खेळणारा चालू रकमेइतके ते दुप्पट टाकतो, बघून खेळणारा दुप्पट ते चौपट.

पोकरमध्ये पानं सगळेच बघतात आणि दर सगळ्यांना एकच. बेटच्या चार फेऱ्या असतात: दोन पानं हातात आल्यावर, फ्लॉपनंतर, टर्ननंतर आणि रिव्हरनंतर. प्रत्येक फेरी संपायला दोन अटी. डावात असलेल्या प्रत्येकाला बोलायची संधी मिळालेली असावी, आणि प्रत्येकाने त्या फेरीत सारखीच रक्कम टाकलेली असावी (ज्याच्या चिप्सच संपल्या तो सोडून). या दोन अटी डोक्यात बसल्या की निम्मे वाद मिटतात. कोणी ४० वर नेलं आणि बाकीच्यांनी ४० पुरे केले, की फेरी बंद. ज्याने ४० केले त्याला पुन्हा वाढवता येत नाही, कारण त्याच्यावर कोणी चढलेलंच नाही. तीन पत्तीवाले नेमके इथे ‘आता माझी पुन्हा चाल’ म्हणून हात पुढे करतात.

‘चेक’ ही सोयही तीन पत्तीत नाही. त्या फेरीत अजून कोणी बेट लावली नसेल, तर काहीही न टाकता डावात राहता येतं. सगळ्यांनी चेक केलं तर पुढचं पान फुकट. साइड शो (शेजाऱ्याशी पानं ताडून बघणं) नाही, शो मागायचे पैसेही नाहीत. आणि पोकरमधला ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं नव्हे. दोघांनी पानं वाटण्याआधी सक्तीने टाकायची ती रक्कम आहे.

जाता जाता हातांच्या क्रमातला एक फरक. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरला (सगळी एकाच चिन्हाची पानं) हरवतो, पोकरमध्ये उलट, कलर हरवतो सिक्वेन्सला. यात लहर काही नाही. तीन पानांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे जमतो आणि कलर १,०९६ प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० प्रकारे आणि कलर फक्त ५,१०८ प्रकारे. जे दुर्मीळ ते वरचं. ही अदलाबदल ठाऊक नसल्यामुळे किलवरच्या पाच पानांवर कोणीतरी पत्ते टाकून देतं आणि मागून हळहळतं.

प्रश्न : स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड कोणी टाकायचे आणि पहिल्यांदा कोण बोलतो? एक डाव आकड्यांसकट दाखवाल का? (नाशिक)

वाटणाऱ्यापुढे एक चकती ठेवतात, तिला बटण म्हणतात. प्रत्येक डावाला ते डावीकडे एक जागा सरकतं. तुमच्या घरी उजवीकडून वाटायची सवय असेल तर पोकरपुरती सोडा. बटणाच्या डावीकडचा पहिला स्मॉल ब्लाइंड टाकतो, दुसरा बिग ब्लाइंड. साधारणपणे दुसरा पहिल्याच्या दुप्पट. इथे ५ आणि १० धरू.

सहा जण बसलेत. अनिलकडे बटण. भारतीने ५ टाकले, चंदूने १०. मग दीपा, एकनाथ, फिरोज. पानं वाटली. पहिल्या फेरीत बिग ब्लाइंडच्या डावीकडचा सुरुवात करतो, म्हणजे दीपा. चंदूचे १० समोर आहेत, म्हणून चेक करता येत नाही. १० पुरे करा (कॉल), वाढवा (रेज) किंवा पत्ते टाका (फोल्ड).

दीपा फोल्ड. एकनाथ १० कॉल. फिरोज वाढवून ४० करतो. अनिल फोल्ड. भारतीचे ५ आधीच समोर आहेत, ती ३५ आणखी टाकते. चंदू फोल्ड, त्याचे १० पॉटमध्येच (सगळ्यांच्या जमलेल्या चिप्समध्ये) राहतात. एकनाथकडे पाळी परत येते, तो ३० टाकून ४० पुरे करतो. सगळे सारखे झाले. पॉट १३०.

फ्लॉप उघडला. आता आणि यापुढे बटणाच्या डावीकडचा जो पहिला जण डावात उरला असेल तो आधी बोलतो. भारती चेक, एकनाथ चेक, फिरोज ६०. भारती फोल्ड, एकनाथ ६० कॉल. पॉट २५०. टर्नवर दोघांचं चेक. रिव्हरवर एकनाथ १२० लावतो, फिरोज कॉल करतो. पॉट ४९०. एकनाथची बेट शेवटची, त्याला कॉल मिळाला, म्हणून पानं आधी त्याने दाखवायची. फिरोजने फोल्ड केलं असतं तर एकनाथ पानं न दाखवता पॉट ओढू शकला असता. ‘दाखव, दाखव’ असा आग्रह धरायचा हक्क कोणालाही नाही. रिव्हरवर कोणी बेटच लावली नसेल तर बटणाच्या डावीकडचा पहिला आधी दाखवतो.

पहिल्या फेरीतली एक चूक फार दिसते. सगळ्यांनी नुसते १० कॉल केले की वाटणारा घाईने फ्लॉप उघडतो. पण बिग ब्लाइंडवाल्याला अजून बोलायची संधी मिळालेली नाही. त्याचे १० सक्तीचे होते, स्वतःच्या मर्जीचे नव्हते. त्याला ‘चेक’ किंवा ‘रेज’ म्हणायचा हक्क आहे. त्याने टेबल ठोकून चेक म्हटल्याशिवाय फ्लॉप उघडू नका.

प्रश्न : दोघंच उरलो तर ब्लाइंड कसे? (चिपळूण)

बटण असलेला स्मॉल ब्लाइंड टाकतो आणि पहिल्या फेरीत आधी बोलतो. फ्लॉपपासून पुढे तो शेवटी बोलतो. नेहमीसारखं डावीकडून मोजायला गेलात तर चुकेल.

प्रश्न : ब्लाइंड ५ आणि १०. एकाने ३० केले. मी ४० म्हटलं तर सगळे तुटून पडले. वाढवलंच ना मी? (सातारा)

वाढवलंत, पण पुरेसं नाही. नो-लिमिट खेळात वरची मर्यादा म्हणजे तुमच्यासमोरच्या चिप्स. खालची मर्यादा अशी की आधीच्या माणसाने जेवढी *वाढ* केली, निदान तेवढी वाढ तुम्ही करायची. १० चे ३० झाले, म्हणजे वाढ २० ची. तुमचा कमीत कमी आकडा ५०. तुम्ही ५० केले असते तर पुढच्याला निदान ७० करावे लागले असते. तुम्ही ९० केले असते (वाढ ६०) तर त्याला १५०.

हा नियम नसेल तर एखादा १०-१० ने चढवत बसतो आणि फेरी संपतच नाही.

तुमच्यासारखी गफलत झाली की काय करायचं, यावर स्पर्धांतला उपाय घरीही चालतो. टाकलेली वाढ आवश्यक वाढीच्या निम्मी किंवा जास्त असेल तर पूर्ण करायला लावा. निम्म्याहून कमी असेल तर ती कॉल धरून जास्तीच्या चिप्स परत द्या. तुमची वाढ १०, हवी होती २०. बरोबर निम्मी. म्हणजे तुम्हाला ५० करावे लागले असते.

प्रश्न : एकाकडे चिप्स कमी असताना तो ऑल-इन गेला, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या लावल्या. बाकीचे पुढे खेळत राहिले. शेवटी तो जिंकला आणि सगळा पॉट मागू लागला. बरोबर की चूक? (पुणे, कोल्हापूर, अकोला)

तीन गावांहून हाच प्रश्न आलाय, तेव्हा सावकाश बघू. तत्त्व एकच: तुम्ही स्वतः जेवढे टाकले, तेवढेच प्रत्येकाकडून जिंकू शकता. म्हणून पॉटचे भाग करावे लागतात.

टर्नची फेरी. पॉटमध्ये आधीचे ६० आहेत. अनिलकडे ८० उरलेत, भारतीकडे २००, चंदूकडे ५००, दीपाकडे ४५०. अनिल ८० लावून ऑल-इन. भारती २०० लावून ऑल-इन. चंदू आणि दीपा २००-२०० कॉल.

आता सगळ्यात लहान ऑल-इनपासून सुरुवात करा. अनिलचे ८०, म्हणून प्रत्येकाकडून ८० घ्या: ८० चोक ३२०, आधीचे ६०, झाला मुख्य पॉट ३८०. यावर चौघांचा हक्क. भारती, चंदू, दीपा यांचे प्रत्येकी १२० उरले: ३६०. हा पहिला साइड पॉट, यात अनिल नाही. चंदूकडे अजून ३०० आणि दीपाकडे २५० हातात आहेत, ते दोघं रिव्हरवर खेळू शकतात. चंदूने १०० लावले, दीपाने कॉल केले, तर २०० चा दुसरा साइड पॉट. तो फक्त त्या दोघांचा.

पानं उघडताना उलट क्रमाने या. आधी शेवटचा पॉट: चंदू की दीपा? मग मधला: भारती धरून तिघांत कोण? शेवटी मुख्य पॉट: चौघांत कोण? समजा अनिलचा हात सगळ्यात भारी आणि त्याखालोखाल दीपाचा. अनिलला ३८०. दीपाला ३६० अधिक २००, म्हणजे ५६०. बेरीज ९४०. पडताळा असा: ६० + ८० + २०० + ३०० + ३०० = ९४०. पडताळा जुळत नसेल तर पानं गोळा करू नका, आधी चिप्स मोजा.

तुमच्याकडच्या गृहस्थाला सगळा पॉट मागायचा हक्क नाही. पण उलटही घडतं: उरलेले मोठे खेळाडू त्याला ‘तुझे गेले’ म्हणून बाजूला सारतात. तेही चूक. तो मुख्य पॉटपुरता शेवटपर्यंत डावात असतो.

दोन बारकावे. एक, चंदूने रिव्हरवर ३०० लावले तर दीपाकडे २५० च आहेत, वरचे ५० चंदूला परत. दोन, दीपाने रिव्हरवर फोल्ड केलं तर तिचा तिन्ही पॉटवरचा हक्क गेला. ‘साइड पॉटपुरतं फोल्ड, मुख्य पॉटमध्ये आहे’ असं म्हणता येत नाही.

चिप्सचे ढीग प्रत्यक्ष वेगळे ठेवा, आणि हे काम डाव चालू असतानाच, ऑल-इन झाल्याझाल्या उरका. शेवटी आठवून मोजायचं म्हटलं की प्रत्येकाची आठवण स्वतःच्या बाजूने झुकते.

प्रश्न : अपुऱ्या चिप्सने ऑल-इन झालेल्याची बेट ‘रेज’ धरायची का? (पुणे)

वरच्या प्रश्नाची ही शेपटी. उदाहरण: तुम्ही १०० लावलेत, पुढच्याने १०० कॉल केले, तिसरा १४० ने ऑल-इन गेला. वाढ फक्त ४० ची, नियमाने हवी होती १०० ची. ती पूर्ण रेज नाही. म्हणून तुम्हाला आणि कॉल करणाऱ्याला आणखी ४० भरून राहता येईल किंवा फोल्ड करता येईल. पुन्हा वाढवता येणार नाही. ज्याची पाळी अजून यायचीच आहे तो मात्र वाढवू शकतो, आणि त्याला निदान २४० करावे लागतील.

प्रश्न : हात चांगला आला की मध्येच आणखी चिप्स विकत घेता येतात का? आमच्याकडे एकाने पाकीट काढलं. (बेळगाव)

नाही. डाव सुरू होताना तुमच्यासमोर जे होतं तेवढंच त्या डावात. याला टेबल स्टेक्स म्हणतात. दोन डावांच्या मध्ये हव्या तेवढ्या घ्या, डावात नाही. जिंकलेल्या चिप्स गुपचूप खिशात घालणंही चालत नाही, खेळ सोडून उठेपर्यंत त्या समोरच राहायला हव्यात. नियमाची दुसरी बाजू तुमच्या रक्षणाची आहे: समोरच्याने तुमच्याकडे नाहीत इतक्या चिप्स लावल्या, तर तेवढ्यावरून तुम्हाला डावाबाहेर काढता येत नाही. आहे तेवढ्याने ऑल-इन जा. द्यूतसभेत हा नियम असता तर युधिष्ठिराचं राज्य आणि भाऊ पणाला लागलेच नसते, समोर मांडलेलं संपलं की डाव आटोपला असता.

प्रश्न : ‘तुझे पन्नास... आणि वर शंभर!’ असं सिनेमात म्हणतात. आमच्या मुलाने ते केलं तर त्याच्या मित्रांनी रेज मानली नाही. का? (ठाणे)

मित्रांचं बरोबर. पन्नास टाकायचे, समोरच्याचा चेहरा बघायचा, मग शंभर टाकायचे, याला स्ट्रिंग बेट म्हणतात. चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला तर वाढवायचं, नाहीतर गप्प बसायचं, असा फायदा उठवता येतो. म्हणून पहिल्या हालचालीला जेवढं गेलं तेवढंच धरतात.

सरळ उपाय: आधी तोंडाने बोला. ‘रेज, दीडशे’ म्हटलं की मग चिप्स चार वेळा टाकल्या तरी हरकत नाही. पाळी असताना तोंडाने सांगितलेलं बांधून घेतं. ‘कॉल’ म्हणून पत्ते टाकले तर कॉलच्या चिप्स द्याव्याच लागतात.

यातच येणारा आणखी एक प्रसंग. समोर १० ची बेट आहे आणि तुम्ही काही न बोलता १०० ची एकच चिप टाकली. तो कॉल, ९० परत. १०० करायचे होते तर आधी म्हणायला हवं होतं. आणि चिप्स पॉटच्या ढिगात फेकू नका, स्वतःसमोर ठेवा. ढिगात मिसळलेल्या चिप्स तीसच्या होत्या की चाळीसच्या हे मागून कोणालाच सांगता येत नाही. फेरी संपली की वाटणाऱ्याने सगळ्या मध्ये ओढाव्यात.

पाळी नसताना ‘मी तर फोल्ड’ म्हणणंही टाळा. तुमच्या आधी बोलणाऱ्याला फुकट माहिती मिळते आणि त्याची किंमत तिसराच भरतो.

प्रश्न : किती लावायचं हे कसं ठरवतात? आमच्या टेबलावर सगळे १०-१० च लावतात आणि कोणी फोल्डच करत नाही. (संभाजीनगर)

कारण तुम्ही त्यांना फोल्ड करायचं कारण देत नाही. बेट ब्लाइंडच्या मापाने मोजू नका, पॉटच्या मापाने मोजा.

पॉटमध्ये १०० आहेत. टर्न उघडलाय. समोरच्याकडे बदामची चार पानं जमलीत, पाचव्याची वाट बघतोय. त्याला माहीत नसलेली ४६ पानं आहेत, त्यांत बदामची ९. म्हणजे रिव्हरवर त्याचा कलर लागायची शक्यता सुमारे २० टक्के. तुम्ही १० लावलेत तर तो १० देऊन १२० च्या पॉटसाठी खेळतो, त्याला साडेआठ टक्के शक्यता असली तरी पुरे. त्याच्याकडे वीस आहे. कॉल न करणं मूर्खपणा ठरेल. तुम्ही ५० लावलेत तर तो ५० देऊन २०० साठी खेळतो, त्याला २५ टक्के लागतात. आता कॉल तोट्याचा, निदान त्या फेरीपुरता. १०० लावलेत तर ३३ टक्के.

म्हणून अर्ध्या पॉटपासून पूर्ण पॉटपर्यंत ही कामाची पट्टी. फ्लॉपवर हाच हिशेब जरा बदलतो, कारण दोन पानं यायची असतात. दोन्ही बघायला मिळाली तर कलरची शक्यता ३५ टक्के होते. पहिल्या फेरीत, पानं बघितल्यावर वाढवायचंच असेल, तर बिग ब्लाइंडच्या तिप्पट आणि आधी नुसते कॉल करून बसलेल्या प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड जास्त. १० च्या ब्लाइंडला दोघांनी कॉल केलं असेल तर ५०. तिथे २० केलेत तर सगळेच येतात आणि एक्क्यांची जोडीदेखील पाच जणांसमोर उघडी पडते.

चांगल्या हातावर मोठी आणि थापेवर लहान, असं मात्र करू नका. तिसऱ्या डावात घरातल्या आजींनाही ते कळतं.

प्रश्न : चिप्स किती लागतात? कशा वाटायच्या? (सोलापूर)

५ आणि १० च्या ब्लाइंडला प्रत्येकाकडे १,००० असावेत, म्हणजे शंभर बिग ब्लाइंड. चाळीस-पन्नासवर बसलात तर दोन बेटींत ऑल-इन होतं आणि टर्न-रिव्हरला खेळायला काही उरत नाही. एकाला ५ च्या २०, २५ च्या १२ आणि १०० च्या ६ द्या: १०० + ३०० + ६००. झाल्या ३८ चिप्स. सहा जणांना २२८. तीनशेच्या डब्यात ७२ उरतात, त्या हरलेल्यांना पुन्हा द्यायला. पाचच्या चिप्स कमी दिल्या तर दर डावाला सुटे मागत बसावं लागतं. खेळ रेंगाळायचं ते सगळ्यात मोठं कारण.

चिप्स नसतील तर चिंचोके, कवड्या, शर्टाची बटणं चालतात. अट दोन: तीन किमतींना तीन वेगळ्या वस्तू, आणि घरात इतरत्र त्या वस्तूचा साठा नसावा. चिंचोक्यांच्या बाबतीत दुसरी अट अवघड.

एका माणसाने वहीत लिहावं: कोणी किती वेळा चिप्स घेतल्या. शेवटी सगळ्यांच्या चिप्सची बेरीज दिलेल्या एकूण चिप्सइतकी यायला हवी. सहा जणांनी एकदा आणि दोघांनी दुसऱ्यांदा घेतल्या, तर ८,०००. कमी आल्या तर आधी गादीखाली बघा, मग वही.

प्रश्न : इथे ऑफिसच्या लोकांबरोबर पोकर खेळायला बोलावतात. ते होल्डेम खेळत नाहीत. दर डावाला वाटणारा खेळ ठरवतो, आणि ‘क्वार्टर अँटी, तीन रेज’ असं काही म्हणतात. (न्यू जर्सी)

अमेरिकेतल्या घरगुती पोकरची ती जुनी चाल आहे, डीलर्स चॉइस. अँटी म्हणजे तीन पत्तीतला तुमचा ओळखीचा बूट: पानं वाटण्याआधी प्रत्येकाने टाकायची रक्कम, त्यांच्याकडे पंचवीस सेंटचं नाणं. ‘तीन रेज’ म्हणजे एका फेरीत एक बेट आणि तिच्यावर जास्तीत जास्त तीन वाढी. लिमिट खेळात वाढ ठरलेलीच असते: बेट एक नाणं तर वाढही एक नाणं. म्हणजे एका फेरीत एका माणसाची चार नाणी जास्तीत जास्त जातील. कमाल तोटा आधी माहीत असतो, म्हणून शेजारपाजाऱ्यांत हा प्रकार टिकला.

वाटणाऱ्याने बहुधा सेव्हन कार्ड स्टड सांगितलेला असेल. त्यात मधली सामाईक पानं नाहीत. प्रत्येकाला दोन उपडी आणि एक उघडं, मग एकेक करून तीन उघडी, शेवटचं उपडं. बेटच्या फेऱ्या पाच. रूढ नियमात पहिल्या फेरीत ज्याचं उघडं पान सगळ्यात लहान त्याला सक्तीने सुरुवात करावी लागते. दुसऱ्या फेरीपासून उघड्या पानांत ज्याचा हात मोठा तो आधी बोलतो. बऱ्याच घरांत पहिल्या फेरीलाही मोठ्या पानापासून सुरुवात करतात, म्हणून बसण्याआधी विचारा. आठ जण असतील तर सात आठे ५६ पानं लागतात आणि जोडात ५२ च असतात. शेवटपर्यंत कोणीच फोल्ड केलं नाही तर अखेरचं पान मध्ये एकच उघडून सगळ्यांना सामाईक धरतात.

मर्यादेचा तिसरा प्रकारही कानावर येईल: पॉट-लिमिट. बेट जास्तीत जास्त पॉटएवढी. वाढवताना आधी मनातल्या मनात कॉल करायचा, मग होणारा पॉट मोजायचा. पॉट ६०, समोरच्याने २० लावले. तुमचे २० धरून १००. म्हणून वाढ १०० पर्यंत, एकूण १२०. लोक ८० म्हणतात, कारण स्वतःचे २० धरायला विसरतात.

प्रश्न : घरी पैसे लावून खेळलं तर कायदा काय म्हणतो? (नवी मुंबई)

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो की नाही यावर देशात एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून नावानिशी वगळलंय. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवलं. घरमालकाने पॉटमधून स्वतःसाठी वाटा, म्हणजे नाल, काढायला सुरुवात केली की ती जागा थेट जुगाराच्या अड्ड्याच्या व्याख्येत जाते. तेव्हा चहा-भज्यांचे पैसेसुद्धा पॉटमधून काढू नका. गोव्यातल्या कॅसिनोंना तिथल्या १९७६ च्या कायद्याखाली वेगळी परवानगी आहे, ती तुमच्या दिवाणखान्याला लागू नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळण्यावर संसदेने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. गुणांवर खेळा. वर सांगितलेला एकही नियम त्याने बदलत नाही.

प्रश्न : दोघांचे हात अगदी सारखे आले. पॉट ४९५, आणि सगळ्यात लहान चिप ५ ची. (वसई)

आधी खरंच सारखे आहेत का बघा. पाचच पानं मोजायची, सहावं-सातवं नाही. आणि इस्पिक मोठं, चौकट लहान असला भेद पोकरमध्ये बरोबरी सोडवायला वापरत नाहीत. बरोबरी पक्की असेल तर २४५-२४५ आणि उरलेली ५ ची चिप त्या दोघांपैकी बटणाच्या डावीकडून जो आधी बसलाय त्याला.